ओरेस्टची टाकी

झेनोवियाने वाटाण्याचं रोप मुळासकट उपटलं, बुटावर आपटून माती झाडली आणि खिशातून बटाटे सोलायची सुरी काढली. वाटाण्याच्या मुळांवर गाठी असतात. गाठ चिरली की आत गुलाबी दिसावं. म्हणजे जिवाणू कामावर हजर आहेत, हवेतला नत्र ओढून रोपाला पोचवताहेत, असं समजायचं. या मुळावर चिरायला गाठच नव्हती. तिने पलीकडचं रोप उपटलं, त्याच्या पलीकडचं उपटलं. सगळी मुळं रविवारच्या प्रार्थनेला दाढी करून आल्यासारखी गुळगुळीत.

वरून पाहावं तर रोपं गर्द हिरवी आणि अंगाने भरलेली. सासुरवाडीला आलेल्या जावयासारखी: कामाचा पत्ता नाही, तब्येत मात्र उत्तम. रस्त्याने जाणारे गाड्या हळू करून पाहत आणि गावात जाऊन सांगत की ओरेस्टचा वाटाणा यंदा काय झालाय.

ही शेताची पूर्वेकडची बाजू. पश्चिमेला, फाटकाजवळ, निराळाच आजार होता. तिथे देठ पिळवटलेले, पानं वाटीसारखी आत वळलेली आणि शेंडे जमिनीकडे तोंड करून, जणू कुणी काहीतरी लागट बोललं होतं. झेनोविया त्या रोपांमधून फाटकापर्यंत चालत गेली आणि तशीच परत आली. दोन आजार म्हणजे दोन कारणं. कारण म्हणजे माणूस, हे तिला शेतीच्या अनुभवावरून ठाऊक होतं. निसर्ग एवढ्या सरळ रेषेत नुकसान करत नाही.

संध्याकाळी सास्काटूनच्या हॉस्पिटलमधून नवऱ्याचा, ओरेस्टचा फोन आला. एप्रिलमध्ये त्याची बायपास झाली होती, मग छातीची जखम चिघळली आणि मुक्काम लांबला. स्वतःच्या प्रकृतीबद्दल तो कधी बोलत नसे. त्याचा रोजचा प्रश्न एकच.

“वाटाणा कसा आहे?”

“वाढतोय,” झेनोविया म्हणाली. पूर्वेकडचा खरंच वाढत होता.

हा प्रश्न साधा नव्हता. आजूबाजूची जमीन खंडाने घेत सुटलेल्या एका मोठ्या कंपनीचा माणूस हिवाळ्यात येऊन कॉफी पिऊन गेला होता. ऑपरेशनला नेण्यापूर्वी ओरेस्टने छताकडे पाहत ठरवून टाकलं होतं: यंदाचा वाटाणा नीट उभा राहिला तर जमीन आपण करू, नाहीतर शरदात कंपनीला देऊन टाकू. झेनोवियाला जमीन द्यायची नव्हती. पण छातीवर पेनाने खुणा केलेल्या माणसाशी वाद घालायचा नसतो, म्हणून ती बरं म्हणाली होती. तेव्हापासून ती त्या वाटाण्याकडे परीक्षेला बसलेल्या मुलाच्या आईसारखी पाहत होती.

पेरणी तिने केली नव्हती, ओरेस्टनेही नाही. कॅनडाच्या या मुलखात पेरणीच्या तोंडावर माणूस आजारी पडला तर शेजारी आपली कामं टाकून, आपापली यंत्रं घेऊन एका सकाळी हजर होतात. त्याला आमंत्रण लागत नाही आणि नकार चालत नाही. मेमध्ये तसे सगळे आले होते. कॉर्नेलियस वीबने, म्हणजे कॉर्नीने, पेरणी केली होती. जूनच्या सुरुवातीला तण वर आलं, तेव्हा हॅल्वर ट्वेटने तणनाशक मारलं होतं. म्हणजे माणसंही दोनच होती, आणि दोघांची घरं दिसतील एवढ्या अंतरावर.

दुसऱ्या दिवशी ती आधी कॉर्नीकडे गेली. कॉर्नी मेनोनाइट पंथाचा, सचोटीचा, अबोल. मात्र त्याला प्रश्न मोजकाच विचारावा लागे, कारण तो विचारलं तेवढ्याचंच उत्तर देई.

“पूर्वेकडे काय टाकलंस, कॉर्नी?”

“बी.”

“आणि बियांबरोबर?”

“ते जिवाणूंचे दाणे. तूच दिले होतेस.”

“आणि?”

कॉर्नीने हातमोजा काढला, पाहिला, पुन्हा घातला.

“थोडा नत्र.”

“वाटाण्याला?”

“गव्हाचा उरला होता. रिकाम्या हाताने कसं यायचं, झेनी?”

झेनोवियाने तिन्ही रोपं कोटाच्या खिशातून काढून त्याच्या ट्रॅक्टरच्या पायरीवर मांडली. कॉर्नीने मुळं पाहिली. समजायला त्याला वेळ लागला नाही. तोही वाटाणाच पिकवत होता. स्वतःच्या शेतात त्याने हे सात जन्मांत केलं नसतं. दुसऱ्याच्या शेतात मात्र मन मोठं करावं लागतं.

“ताटात आयतं वाढलंस त्याच्या,” ती म्हणाली. “आता तो चूल कशाला पेटवेल? जिवाणू दारात उभे आहेत, आणि हा जेवून झोपलाय. फुलावर येईल तेव्हा लोळेल सगळा.”

“अर्ध्यातच संपला,” कॉर्नी खाली मान घालून म्हणाला. नत्र टाकल्याचा त्याला खेद होता की पुरला नाही याचा, हे त्याच्या आवाजावरून नीटसं कळलं नाही.

निघताना त्याच्या बायकोने रुबार्बच्या मुरंब्याची बरणी दिली आणि बरणी परत हवी असं बजावलं. म्हणजे पुन्हा यावं लागणार, पुन्हा कॉफी होणार. त्या घरची माफी मागायची पद्धत ही. झेनोवियाने ती मागच्या सीटवर पट्टा लावून ठेवली.

हॅल्वरकडे जायची गरज पडली नाही. घरी पोचली तर तो अंगणात आपल्या गाडीला टेकून उभा होता, टोपी हातात. नॉर्वेजियन माणसाच्या हातात टोपी म्हणजे एक तर कुणी गेलंय किंवा जाणार आहे.

“मी फाटकाजवळचं पाहिलं,” तो म्हणाला.

“मग बोल.”

“मीच केलं असणार. चुकीचा कॅन ओतला असेल. घरी जाऊन सगळे कॅन पुन्हा पाहिले, बरोबर वाटतात. पण मी त्या दिवशी आधी माझं कॅनोलाचं शेत फवारून आलो होतो, दमलेला होतो.” हॅल्वर एवढी वाक्यं लागोपाठ बोलल्याचं तिने कधी ऐकलं नव्हतं. “माझं यंत्र मुद्दाम नाही आणलं. त्यात कॅनोलाचं औषध होतं. म्हटलं, ओरेस्टचंच वापरू.”

“टाकी धुतलीस आधी?”

हॅल्वरने तिच्याकडे पाहिलं.

“ओरेस्टची टाकी?”

“ओरेस्टची.”

“झेनी, चर्चमध्ये शिरण्याआधी कुणी चर्च पुसून घेतं का?”

अख्ख्या तालुक्यात यावर कुणी वाद घातला नसता. ओरेस्ट टाकी तीनदा धुवायचा. आधी साध्या पाण्याने, मग अमोनिया घालून, मग पुन्हा पाण्याने. गाळण्या काढून दात घासायच्या ब्रशने घासायचा. दर हिवाळ्यात गावच्या हॉलमध्ये शेतकऱ्यांची सभा भरे, तिथे तो उठून यावर बोलायचा आणि लोक तेवढ्यात कॉफी भरून घ्यायचे. त्याने धुतलेलं यंत्र आपण पुन्हा धुणं म्हणजे त्याच्या तोंडावर त्याला अस्वच्छ म्हणण्यासारखं. त्यातही तो हॉस्पिटलमध्ये असताना.

“माझ्या वाटाण्यातला तेवढाच तुकडा तुझ्या नावाने कापीन,” हॅल्वर म्हणाला. “ठरवलंय मी. आणि इथून पुढे दुसऱ्याच्या शेतात औषध मारणार नाही. वय झालं.”

तो टोपी घालून निघून गेला. तिने कॉफी विचारलीही नव्हती, आणि विचारली असती तरी त्याने घेतली नसती.

झेनोविया पुन्हा शेतात उतरली. फाटकापासून ती फवारणीच्या चाकोरीने चालू लागली. फाटकाशी रोपं सगळ्यांत जास्त पिळलेली. पुढे जरा कमी. वळणापलीकडे आणखी कमी, आणि दुसऱ्या फेरीत जवळपास काहीच नाही. फक्त फवारणी यंत्राचे दोन्ही बाजूंना पसरलेले पंख जिथे संपतात त्या कडांना पिळलेल्या रोपांची एक रेघ लांबवर गेलेली. ती थांबली. चुकीचा कॅन टाकीत पडला असता तर टाकी संपेपर्यंत सगळीकडे सारखंच पडलं असतं. हे सुरुवातीला जास्त होतं आणि धुवत धुवत कमी होत गेलं होतं. म्हणजे हॅल्वरने टाकीत काही चुकीचं घातलंच नव्हतं. जे होतं ते नळ्यांमध्ये आधीपासून होतं.

शेडमध्ये यंत्र उभं होतं. दोन्ही बाजूंच्या लांब पंखांमधून नळ्या गेलेल्या, आणि प्रत्येक नळीच्या टोकाला एक काळं टोपण. पाणी टोकापर्यंत जातं आणि तिथेच अडून राहतं, म्हणून टोपणं काढल्याशिवाय धुणं हे धुणंच नव्हे, असं ओरेस्ट सभेत सांगत असे. साधारण त्याच वेळी लोक दुसरा केक घ्यायला उठत. ती टोपणं आवळून बसतात असंही तो सांगे. पाना भिंतीवर खिळ्याला टांगलेला होता. ती तो काढायला वळणार होती, पण सहज म्हणून टोपणाला हात लावला आणि ते फिरलं. दोन बोटांत निघालं.

आत काकवीसारखा तपकिरी थर होता. तिने नाक जवळ नेलं. वाटाण्यातलं औषध तिला माहीत होतं, हा त्याचा वास नव्हता. हा काटेरी तणाच्या औषधाचा. दर शरदात ओरेस्टच्या जॅकेटला येतो तो. त्या तणासाठी उत्तम औषध. वाटाण्याने नुसतं हुंगलं तरी मान वळते.

मागच्या ऑक्टोबरात शेवटची फवारणी त्यानेच केली होती. त्यानंतर हिवाळ्यात नळ्या फुटू नयेत म्हणून गुलाबी द्रव भरला होता; ते काम बटण दाबलं की पंप करतो. टोपणं मात्र हाताने काढावी लागतात.

झेनोविया पालथ्या बादलीवर बसली.

त्या दिवशी तो लवकर परतला होता. अंगणात गाडी चालू ठेवून, रेडिओवर हॉकीची मॅच लावून, आतच बसून राहिला. कोबीच्या पानात गुंडाळलेले होलुब्त्सी निवत होते, म्हणून तिने जाऊन काचेवर टकटक केली होती. पेट्रोल जाळायची हौस आली का, असंही विचारलं होतं. तो आत आला, एक होलुब्त्सी खाल्ला, ताट बाजूला सारलं, म्हणाला यंदा कोबी बरोबर नाही, आणि डावा हात छातीशी धरून पलंगावर जाऊन पडला. कोबी तिच्या हातचा होता. तो अपमान तिने हिवाळाभर जपला होता. डिसेंबरात एकदा आणि ईस्टरला एकदा काढूनही दाखवला होता.

एप्रिलमध्ये डॉक्टरांनी विचारलं होतं, याआधी कधी त्रास? ओरेस्ट नाही म्हणाला होता. तिनेही मान हलवून नाहीच म्हटलं होतं.

तिने टोपण पुन्हा बसवलं. दोन बोटांनी.

मदतीला आलेल्यांना जेवण घालायचं असतं. जूनच्या शेवटच्या रविवारी झेनोवियाने हॉल घेतला आणि पिरोहीच्या, सारण भरून उकडलेल्या करंज्यांच्या, पराती मांडल्या. बाकीच्या बायकांनी रिकाम्या हाताने यायचं नाही म्हणून भांडी आणली. एकाच जातीचं हिरवं जेलीचं सॅलड चार घरांतून आलं आणि चौघींनी एकमेकींच्या सॅलडचं कौतुक केलं. कॉर्नीने ताट भरून घेतलं आणि दाराजवळची जागा धरली. चर्चच्या वडीलधाऱ्यांनी ओरेस्टसाठी प्रार्थना म्हटली. आमेनचा आवाज विरतो न विरतो तोच हॅल्वर उभा राहिला.

हॅल्वर गुरांच्या लिलावाखेरीज चारचौघांत तोंड उघडत नसे. सगळे काटे-चमचे थांबले.

“ओरेस्टचा वाटाणा मी बिघडवला,” तो म्हणाला. “तुम्ही रस्त्यावरून बघता ती चांगली बाजू. फाटकापाशी जाऊन बघा. तो माणूस तिकडे पडलाय आणि मी—”

“खाली बस, हॅल्वर,” झेनोविया म्हणाली.

तिच्या हातात वाढायचा मोठा चमचा होता. तो तिने खाली ठेवला नाही.

“टाकी मी धुतली नव्हती. ऑक्टोबरात ओरेस्टने मला सांगितलं होतं, टोपणं काढ, तीनदा धू, मग गुलाबी भर. मला थंडी वाजत होती. मी गुलाबी भरलं आणि आत गेले. त्याला सांगितलं, झालं. तू घातलंस ते औषध बरोबरच होतं.”

हॉलमध्ये एक मोठा सुस्कारा पसरला. कुणालाही पुरावा मागावासा वाटला नाही. ओरेस्टने टाकी धुतली नाही हे तिथे बायबलवर हात ठेवून सांगितलं असतं तरी कुणी मानलं नसतं; त्याच्या बायकोने धुतली नाही हे सगळ्यांना आधीपासून माहीत असल्यासारखं पटलं. हॅल्वर हळूच खाली बसला आणि सकाळपासून उपाशी असल्यासारखा जेवू लागला. तो खरोखरच उपाशी होता.

मग उरलेला वेळ एकेक पुरुष झेनोवियाजवळ येऊन टाकी कशी धुवावी ते सांगत राहिला. अमोनिया किती. गाळणी कुठली आधी. पंख उघडून ठेवायचे की मिटून. ज्यांनी आपली टाकी आयुष्यात एकदाच धुतली होती त्यांनी जास्त वेळ घेतला. कॉर्नीही आला, म्हणाला, ओरेस्ट हे सगळं सभेत सांगायचा, ऐकायला हवं होतंस. तिने प्रत्येकाचं नीट ऐकलं, मध्ये मध्ये पुन्हा विचारलं. लोकांना वाटलं, बिचारी खजील झाली. तिला ते शिकायचंच होतं. चाळीस वर्षं त्या यंत्राच्या चालकाच्या जागेवर ती एकदाही बसली नव्हती.

ओरेस्ट जुलै लागताना घरी आला. खोकताना छातीशी धरायला हॉस्पिटलने एक लाल उशी दिली होती. ती घेऊन तो स्वयंपाकघरात खिडकीशी बसला. जड उचलायचं नाही, हात खांद्यावर न्यायचा नाही, गाडी चालवायची नाही. खिडकीतून फाटक दिसत होतं. त्याने बराच वेळ तिकडे पाहिलं. रोजचा प्रश्न फोनबरोबरच संपला होता.

दुपारी हॅल्वर तळ्यातले मासे घेऊन आला. त्याची टोपी डोक्यावर होती.

“काय रे,” तो बसत म्हणाला, “जगाला शिकवत फिरलास, आणि घरात बायकोला टाकी धुवायला शिकवलं नाहीस?”

ओरेस्टने झेनोवियाकडे पाहिलं. ती ओट्याशी पिरोहीच्या कडा दाबत होती. तिने मान वर केली नाही. हॅल्वरने मजेमजेत हॉलमधली सगळी हकिकत सांगितली: ऑक्टोबर, थंडी, गुलाबी द्रव, हातातला चमचा. उशी ओरेस्टने दोन्ही हातांनी धरली होती, पण खोकला आला नव्हता.

“सांगून पाहिलं मी,” शेवटी तो म्हणाला. “ही ऐकते कुणाचं?”

झेनोवियाने पुढची पिरोही जरा जोरात दाबली. सारण बाहेर आलं. तिने ती बाजूला ठेवली. रात्री ओरेस्टच्या ताटात तीच पडली, आणि त्याने ती संपवली.

दोन दिवसांनी वाटाण्याला पांढरी फुलं दिसली. फाटकाजवळच्या पिळलेल्या देठांना खालून नवे फुटवे आले होते. उशिराचे, पण सरळ. पूर्वेकडचा जावई वाऱ्याने थोडा कलला होता. आता बुरशीचं औषध मारायला हवं होतं, आणि ते काम थांबत नाही. झेनोवियाने ओरेस्टचा जुना डगला चढवला, बाह्या दुमडल्या आणि शेडमध्ये गेली. मागोमाग तो आला, हळूहळू, एका हातात उशी. तिने पालथी बादली त्याच्यासाठी सरकवली.

“कंपनीच्या माणसाला फोन करायचा होता,” तो बसत म्हणाला.

“मी केला.”

“काय सांगितलंस?”

“म्हटलं, चालक मिळाला.”

ओरेस्टने यंत्राच्या शिडीकडे पाहिलं, मग तिच्या बुटांकडे. बुटांच्या नाड्या दुहेरी गाठ मारून बांधलेल्या होत्या. त्याने पाण्याचा नळ कुठला ते उगाच बोटाने दाखवलं. तिने तो आधीच सोडला होता. टाकी भरली, फिरली, रिकामी झाली. मग अमोनिया. किती, ते त्याने सांगायच्या आत तिने ओतला होता. त्याचं तोंड उघडलं होतं ते त्याने मिटलं.

ती उजव्या पंखाच्या टोकाशी गेली आणि टोपणावर हात ठेवला.

“ते,” ओरेस्ट मागून म्हणाला, “ऑक्टोबरात जाम झालं होतं. निघालंच नाही.”

तिचा हात टोपणावरच राहिला. तिची पाठ त्याच्याकडे होती.

“हो,” ती म्हणाली. “मलाही मागच्या महिन्यात पाना लागला.”

पाना समोरच्या भिंतीवर आपल्या खिळ्याला टांगलेला होता. त्यावर हिवाळ्यापासूनची धूळ जशीच्या तशी होती. ओरेस्टच्या नजरेतून असली गोष्ट सुटत नसे. त्याने पाहिलं. मग तिनेही पाहिलं.

बाहेर वारा वाटाण्यावरून एकसारखा चालला होता.

ओरेस्ट उठला, भिंतीपर्यंत गेला, पाना काढला, आपल्या बाहीने पुसला आणि तिच्या हातात दिला.

“सावकाश,” तो म्हणाला. “फार आवळलेलं असतं ते.”

तिने पाना लावला, आणि दोन्ही हातांनी, जोर करून फिरवला.